काउंटरमागे कोण उभे आहे?

गेल्या महिन्यात दवाखाना बंद करण्याच्या वेळी करंजाड्यातील एक गृहस्थ आपल्या आईला रिक्षातून घेऊन आले. आईचे वय अडुसष्ट. वीस वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी कायमची चालू. त्यात दोन वर्षांपूर्वी कर्करोग निघाला आणि तो आता हाडांत उतरलेला. रात्री संडासला जाताना त्या तोल जाऊन पडल्या होत्या. दंडावर, मांडीवर हाताएवढे काळेनिळे डाग आणि हिरड्यांतून रक्त. रक्त गोठण्याची तपासणी केली, तर वॉरफरिनच्या रुग्णात जो आकडा अडीच-तीनच्या आसपास असायला हवा, तो सहाच्या वर गेलेला.

गोळी तीच, डोसही तोच. मग बिघडले कुठे? "दुसरे काही औषध चालू आहे का?" असे विचारले, तर मुलगा आधी नाही म्हणाला. मग थोडा घुटमळला आणि खिशातून तपकिरी काचेची छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. विजयाच्या पानांचा तेलातील अर्क. फोनवरून मागवलेला, कुरिअरने घरी आलेला. विजया म्हणजे भांग, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो सांगायला कचरत होता. आईला दुखण्याने झोप लागत नव्हती. कुणीतरी सांगितले, परदेशात हल्ली कॅन्सरला गांजाचे तेल देतात. सुरुवातीला पाच थेंब. आराम पडेना म्हणून त्याने बाटलीवरच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या मुलाने सांगितले, "फरक पडत नसेल तर थेंब वाढवा." पाचाचे दहा झाले, दहाचे पंधरा.

मी त्याला एवढेच विचारले, "फोनवर बोलणारा कोण होता? वैद्य होता, फार्मसिस्ट होता, की नुसता विक्रीवाला?"

तो म्हणाला, "डॉक्टर, ते मी विचारलंच नाही."

तो विचारणार तरी कसा? आपण कुणीच विचारत नाही. डॉक्टरची डिग्री आपण पाटीवर वाचतो. पण औषध हातात देणारा माणूस काय शिकला आहे, त्याला ते देण्याचा अधिकार आहे का, याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. आजचा लेख त्याच माणसाविषयी आहे.

आधी भांगेचे थोडे. भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची तीन रूपे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि त्यातला चीक म्हणजे चरस. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आणली. शेंड्यांशिवायची नुसती पाने मात्र त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिली. पानांचे काय करायचे ते राज्यांनी आपापल्या कायद्यांनी ठरवले. म्हणून वाराणसीला भांगेची सरकारमान्य दुकाने दिसतात आणि आपल्याकडे मात्र भांग दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते.

आयुर्वेदात भांग फार जुनी. जातीफलादी चूर्ण घराघरांत ठाऊक आहे, त्यात भांग असते हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जाणकार वैद्य ती शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. पाने धुवून, तुपावर परतून किंवा दुधात शिजवून मग औषधात घेतात. सरकारनेही औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात अफू, धोतरा, बचनाग, कुचला, बिब्बा यांच्या पंगतीत भांग बसवली आहे. हे परिशिष्ट म्हणजे आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी. यातले द्रव्य पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना वेष्टनावर इंग्रजीत आणि हिंदीत छापावी लागते. त्या बाटलीवरही ती होती. बारीक अक्षरात, पण होती.

आता यातली गोम पाहा. तुम्ही ॲलोपॅथीचे औषध दुकान काढायचे म्हटले तर परवाना लागतो आणि त्या परवान्यावर नोंदणीकृत फार्मसिस्टचे नाव लागते. आयुर्वेदिक औषध तयार करायला परवाना लागतो. पण विकायला औषध कायद्याखाली विक्री परवाना लागत नाही. त्यामुळे विकणाऱ्याचे शिक्षण काय असावे हा प्रश्नच कायद्यात उद्भवत नाही. मधाची बाटली विकणारा आणि विषारी यादीतल्या द्रव्याची बाटली विकणारा एकाच काउंटरवर बसू शकतो. देखरेख असावी असे बाटली सांगते, पण ती कोणी करायची हे रुग्णावर सोडलेले. मी आयुर्वेदाचा विरोधक नाही. पनवेलमध्ये माझे चांगले वैद्यमित्र आहेत आणि या बाटलीची हकीकत ऐकून माझ्यापेक्षा तेच जास्त संतापले.

परदेशात काय चालते, असे लोक नेहमी विचारतात. अमेरिकेत एकेका राज्याचा कायदा वेगळा. कनेक्टिकट राज्याने २०१२ मध्ये औषधी गांजाला परवानगी दिली, तेव्हा तो देणारा माणूस परवानाधारक फार्मसिस्टच असला पाहिजे असे ठरवले. पेनसिल्व्हेनियाने २०१६ च्या कायद्यात दोन पातळ्या केल्या. दुकानात डॉक्टर किंवा फार्मसिस्ट असावा आणि त्याने या विषयाचे चार तासांचे प्रशिक्षण घेतलेले असावे. आणि मालाला हात लावणाऱ्या प्रत्येक नोकराने दोन तासांचे. नोंदी कशा ठेवायच्या, माल कसा हाताळायचा, तो चोरवाटेने बाहेर जात असेल तर ओळखायचे कसे, हे त्या दोन तासांत येते. शिवाय नोकरीआधी गुन्ह्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. तिकडे नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांकडून ऐकून इथले लोक समजतात की तिथे गांजा वाण्याच्या दुकानात मिळतो. तसे नाही.

पण तिकडचेही सगळे आलबेल नाही, हेही सांगायला हवे. ज्या राज्यांत काउंटरवरच्या माणसाला वैद्यकीय शिक्षणाची अट नाही तिथे काय होते, याचा एक अभ्यास २०१८ मध्ये कोलोरॅडोत प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गरोदर बाई असल्याचे भासवून चारशे दुकानांना फोन केले आणि सकाळच्या उलट्यांवर काय घ्यावे असे विचारले. ६९ टक्के दुकानांतून उत्तर आले, आमचा माल घ्या. गरोदरपणात गांजा घेऊ नये असे डॉक्टरांच्या संघटना सांगत असताना! विकणारी मुले दुष्ट नव्हती. ती न शिकलेली होती. अनुभवाने जे वाटले ते त्यांनी सांगितले. आमच्या रुग्णाच्या मुलाला फोनवर थेंब वाढवायला सांगणाराही असाच कुणीतरी असणार.

त्याला काय ठाऊक असायला हवे होते, तेही सांगतो. भांगेतील काही द्रव्ये यकृतात वॉरफरिनचे विघटन मंद करतात. गोळी तेवढीच राहते, पण रक्तातले औषध वाढत जाते. फिटच्या काही गोळ्यांच्या बाबतीतही असेच घडते. तोंडाने घेतलेल्या भांगेचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात. त्यामुळे 'काहीच होत नाही' म्हणून माणूस पुन्हा घेतो आणि मग दोन्ही डोस एकदम अंगावर येतात. म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, उठताना रक्तदाब घसरतो, छातीत धडधडते. पंचविशीच्या आतल्या मुलांत, घरात वेडाचा आजार असेल तर विशेषच, डोके फिरण्याचा धोका असतो. लघवीच्या तपासणीत अंश कित्येक दिवस सापडतो. आपल्या भागातील तरुण आता विमानतळाच्या आशेवर आहेत म्हणून सांगतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांची गांजासह मादक द्रव्यांसाठी तपासणी आपल्या देशात २०२२ पासून होते. आणि आखातात असलेल्या मुलाला प्रेमापोटी अशी बाटली सामानातून पाठवू नका. तिथले कायदे आयुर्वेदाचे लेबल वाचत बसत नाहीत.

मग याचा उपयोग काहीच नाही का? आहे. केमोथेरपीच्या उलट्या, काही विशिष्ट प्रकारच्या फिट, एका मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंचा ताठरपणा, यांत उपयोग होतो असे पुरावे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांवर भांगेतील एका शुद्ध द्रव्याचे औषध मंजूर केले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले आणि त्या वेळी भारताने बाजूने मत दिले. पण त्या यादीतून काढले म्हणजे मोकळीक दिली असे नव्हे; नियंत्रणाच्या दुसऱ्या यादीत तो राहिलाच. कर्करोग बरा होतो असे मात्र कुणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता आपल्या नेहमीच्या औषध दुकानाकडे वळू, कारण भांगेची बाटली शंभरात एखाद्या घरी असेल, पण मेडिकलची पायरी प्रत्येकजण चढतो.

आमच्या लहानपणी डॉक्टरकडे कंपाउंडर असे. लाल-गुलाबी मिक्स्चरची बाटली आणि तिच्या कडेला डोसाच्या खुणांसाठी कात्रीने कापून चिकटवलेली कागदाची पट्टी. ते करणारा कंपाउंडर बहुधा चौथी-सातवी शिकलेला, पण हात सरावलेला. एके काळी देशभर औषधांचा कारभार असाच होता आणि त्यात भेसळीचा सुळसुळाट. १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. (हेच चोप्रा पुढे भारतातील भांग-गांजाच्या व्यसनाचेही मोठे अभ्यासक म्हणून गाजले.) औषधे आणि ती देणारे, दोघांवरही नियंत्रण हवे असे समितीने सांगितले. त्यातून १९४० चा औषध कायदा आला आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फार्मसी कायदा. जुन्या कंपाउंडर लोकांना त्याने एकदम घरी बसवले नाही. दवाखान्यात पाच वर्षे औषधे बनवण्याचा अनुभव असेल तर पहिल्या नोंदणीत नाव घालण्याची सोय ठेवली. पण पुढच्यांसाठी शिक्षणाची अट आली.

आज ती अट अशी. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका आणि त्यानंतर किमान तीन महिन्यांत पाचशे तास प्रत्यक्ष काम. किंवा चार वर्षांची पदवी. मग राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी. महाराष्ट्राचे कौन्सिल मुंबईत आहे. पदविकाधारकांसाठी नोंदणीपूर्वी एक्झिट परीक्षेचा नियम २०२२ मध्ये आला. आणि एकदा शिकले की झाले, असेही नाही. २०१५ च्या नियमांनुसार फार्मसिस्टला पाच वर्षांत किमान दोन उजळणी वर्गांना हजर राहावे लागते. काउंटरवर असताना त्याने पांढरा कोट घालावा आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला असावा, असेही त्याच नियमांत आहे. तुमच्या नेहमीच्या दुकानात हा कोट तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध फार्मसिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले गेले पाहिजे, असा नियम आहे. 'प्रत्यक्ष' म्हणजे तो दुकानात हजर हवा. व्यवहारात काय आढळते? चौकटीतले सर्टिफिकेट गणपतीच्या तसबिरीशेजारी आणि सर्टिफिकेटवाला कुठल्या तरी कारखान्यात नोकरीला. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा हा धंदा सर्वांना ठाऊक आहे. महेश झगडे राज्याचे अन्न व औषध आयुक्त असताना, २०१२ च्या सुमारास, त्यांनी फार्मसिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडाक्याने कारवाई सुरू केली. त्यावर केमिस्टांनी बंद पुकारले. फार्मसिस्ट मिळत नाहीत, ही त्यांची तक्रार. ती अगदीच खोटी नव्हती, पण कॉलेजे भराभर निघत असताना फार पटणारीही नव्हती. पगार दिला असता तर मिळाले असते.

मी स्वतः याचा चटका सोसला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. संधिवाताच्या एका बाईंना तज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट सुरू केले होते, ते मी माझ्या चिठ्ठीवर पुढे चालू ठेवले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. कर्करोगातही वापरले जाणारे औषध आहे. रोज घेतले तर शरीरातील नव्या पेशी मारून टाकते. मी इंग्रजीत, घाईघाईच्या अक्षरात, संक्षेपात लिहिले. दुकानातल्या पोराने पाकिटावर पेनने मराठीत लिहिले, 'रोज रात्री १'. बाईंना लिहिता-वाचता चांगले येत होते, म्हणून त्यांनी ते वाचले आणि पाळले. नवव्या दिवशी तोंडात फोड, पाणीही गिळवेना, ताप. पांढऱ्या पेशी घसरून हजाराच्या खाली. सतरा दिवस रुग्णालयात काढले तेव्हा वाचल्या.

दुकानदार म्हणाला, डॉक्टरचे अक्षर वाचता आले नाही. मी म्हणालो, मग फोन का नाही केला? दोघांचेही बरोबर होते आणि दोघेही चूक होतो. त्या पोराने वाणिज्य शाखेची परीक्षा नापास होऊन नोकरी धरली होती. त्याला मेथोट्रेक्सेट काय आणि रक्तदाबाची गोळी काय, सारखेच. शिकलेला फार्मसिस्ट त्या नावाशी थबकलाच असता. त्या दिवसापासून मी मोठ्या सुट्या अक्षरांत लिहितो आणि मेथोट्रेक्सेट असेल तर 'आठवड्यातून एकदाच, सोमवारी' असे मराठीत लिहून खाली रेघ ओढतो. ठळक अक्षरात, मूळ औषधाच्या नावाने चिठ्ठी लिहावी असा नियम मेडिकल कौन्सिलने २०१६ मध्ये केला. मला तो आधीच शिकावा लागला.

आणि माझ्या दवाखान्यातला मदतनीस? तोही फार्मसिस्ट नाही. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध द्यायला कायद्याची मुभा आहे, त्या आधारावर आम्ही गोळ्यांच्या पुड्या देतो. मुभा डॉक्टरला आहे, कंपाउंडरला नाही. म्हणून पुडी बांधली की ती माझ्या टेबलावर आणून दाखवायची, असा आता माझ्याकडे रिवाज आहे. गर्दीच्या दिवशी तो पाळताना नाकी नऊ येतात.

चिठ्ठीच्या औषधांतही प्रती आहेत. तांबड्या अक्षरात आरएक्स छापलेल्या चौकटीत इशारा असेल, तर ते एच-१ यादीतले औषध. ही यादी मार्च २०१४ पासून लागू झाली. तिच्यात भारी प्रतिजैविके, क्षयाची औषधे, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या येतात. ही देताना दुकानदाराने वेगळ्या वहीत रुग्णाचे, डॉक्टरचे नाव आणि किती दिले ते लिहायचे आणि वही तीन वर्षे जपायची. एक्स यादीतली औषधे त्याहून कडक. त्यांना वेगळा परवाना, कुलपातले कपाट आणि चिठ्ठीच्या दोन प्रती; त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे ठेवायची. झोपेच्या गोळ्या 'ओळखीवर' मिळतात तेव्हा या वहीत काय लिहिले जात असेल, याचा विचार करा. उलट अगदी लहान, हजारापर्यंत वस्तीच्या गावात डोकेदुखी-तापाच्या काही घरगुती गोळ्या विनापरवाना विकायला कायद्याने सवलत आहे. कायदा करणाऱ्यांना खेड्याची अडचण कळत नव्हती असे नाही.

या साऱ्याच्या वर मॉर्फिन. आमच्या रुग्णाला खरे म्हणजे लागत होते ते हेच. हाडांतल्या कर्करोगाच्या वेदनेवर तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या साध्या गोळीसारखे औषध नाही, आणि ती महागही नाही. पण १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचा असा गुंता झाला की रुग्णालये ते ठेवेनाशी झाली आणि देशात वेदनाशमनासाठीचा मॉर्फिनचा वापर झपाट्याने घसरला. मुंबईत १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना आश्रम हे देशातले पहिले हॉस्पिस निघाले. टाटा रुग्णालयानेही वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग उभा केला. पण जिल्ह्याच्या गावात काही पोचले नाही. वेदनाशमनवाल्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे 'आवश्यक' ठरली आणि २०१५ च्या नियमांनी पद्धत सोपी केली. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकच मान्यता घ्यावी लागते. तिची मुख्य अट मला फार आवडते. तिथे वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नेमलेला असावा आणि साठ्याचा हिशेब त्याच्या जबाबदारीवर असावा. म्हणजे नुसती एमबीबीएस पदवी पुरत नाही. मलाही ती पुरली नाही; वेदनाशमनाच्या संघटनेचा सर्टिफिकेट कोर्स मी पन्नाशीनंतर केला आणि बायकोने 'आता परीक्षेला बसणार का?' म्हणून चेष्टा केली.

त्या आजींना रुग्णालयात ठेवून व्हिटॅमिन के दिले आणि वॉरफरिन काही दिवस थांबवले. झडप धातूची असल्याने ते फार थांबवूनही चालत नाही. तारेवरची कसरत होती. आकडा खाली आल्यावर त्यांना वेदनाशमन विभागात पाठवले. आता दर चार तासांनी मॉर्फिनची गोळी आणि सोबत जुलाबाचे औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच होते. मुलाला भीती होती, आईला व्यसन लागेल. अडुसष्टाव्या वर्षी, हाडांच्या कर्करोगात, नेमून दिलेल्या डोसात वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची काळजी आपण करू नये, असे मी त्याला सांगितले. त्या रात्री सलग पाच तास झोपल्या.

वाचकांनी काय करावे, तेवढे सांगतो. दुकानात गेलात की एकदा विचारा, "फार्मसिस्ट कोण आहेत?" विचारण्यात अपमान नाही; परवाना आणि नाव दिसेल असे लावणे त्यांचे कामच आहे. नवे औषध असेल तर ते कसे घ्यायचे हे त्याच व्यक्तीकडून समजून घ्या आणि घरी आल्यावर चिठ्ठीशी ताडून पाहा. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. औषधात काही निघाले तर तोच पुरावा. डॉक्टरकडे जाताना आयुर्वेदिक, होमिओपॅथी, शेजारणीने दिलेली, कुरिअरने आलेली, सगळी औषधे पिशवीत घालून घेऊन जा. भांग असली तरी लपवू नका; आम्ही पोलीस नाही. विजयाचे औषध घ्यायचेच असेल, तर समोर बसून नाडी बघणाऱ्या नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवरच घ्या, आणि चालू असलेल्या सर्व गोळ्या त्यांना दाखवून. फोनवरच्या सल्ल्याने थेंब वाढवू नका. दुकानाबद्दल तक्रार असेल, तर अन्न व औषध प्रशासनाचा विनाशुल्क फोन आहे, १८००२२२३६५.

गेल्या वर्षी आमच्या सेक्टरमधल्या एका दुकानात नुकतीच पदविका झालेली एक मुलगी लागली आहे. पांढरा कोट घालते. पहिल्याच आठवड्यात ऐन गर्दीच्या वेळी तिचा फोन आला. "सर, तुमच्या चिठ्ठीवर दोन औषधं आहेत, ती एकत्र दिली तर पोटॅशियम वाढेल. मुद्दाम दिलीत का?" मुद्दाम दिली नव्हती. एक औषध मी बदलले.